साष्टी हुंड्यात गेली नव्हती : फलकाचा मजकूर ठरवणाऱ्या समितीला खुले पत्र

खाडीकिनारा सुशोभीकरणातील इतिहास-फलकांचा मजकूर मंजूर करणाऱ्या समितीच्या सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या खाडीवर आपण बाग केलीत, बाके टाकलीत, दिवे लावलेत. त्याबद्दल आधी आभार मानतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात आभाराला जागा सापडणार नाही. बागेच्या तोंडाशी पितळी अक्षरांचा एक फलक आहे. फिरायला जायची दुसरी वाट नसल्याने मी तो रोज सकाळी वाचतो. त्यावरचे पहिले वाक्य असे : "इ.स. १६६१ मध्ये पोर्तुगालने राजकन्येच्या हुंड्यात मुंबई व साल्सेट बेटे इंग्लंडच्या राजाला भेट दिली." शेजारी नववधूच्या वेषातली राणी कॅथरीन. दुसरे वाक्य थेट १८५३ च्या रेल्वेचे. मधली १९२ वर्षे कुठे गेली, ते फलकाला ठाऊक नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने हे वाचले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भांड्याकुंड्यांबरोबर आपल्यालापण पाठवलं होतं म्हण की." आम्ही दोघेही हसलो. घरी आल्यावर मात्र मला ते हसू पुरले नाही.

मी कोण, हे आधी सांगतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. ३१ वर्षे जकात नाक्यावर कारकून होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाके बंद झाले, आणि माझी नोकरीही त्याच सुमारास संपली. आमचे घराणे भंडारी. पणजोबांपर्यंत सगळे माडावर चढणारे, ताडी उतरवणारे. नाक्यावर बसलेल्या माणसाला एक सवय लागते : गाडीवर काय लिहिले आहे ते वाचायचे, आणि मग ताडपत्री उचलून आत काय आहे ते बघायचे. निवृत्तीनंतर वाचनालयात बसून या फलकाची ताडपत्री मी उचलून पाहिली. आत जे निघाले ते बाहेर लिहिलेल्याशी जुळत नाही.

आपल्याकडे मी रीतसर अर्ज केला होता. मजकूर "उपलब्ध संदर्भांवरून" घेतला आहे आणि बदलाचा विचार "पुढील टप्प्यात" होईल, असे उत्तर आले. पुढचा टप्पा कधी, हे विचारायला गेलो तर तिथल्या मुलाने चहा दिला आणि प्रेमाने सांगितले, "काका, एवढं कोण वाचतंय?" म्हणून आता हे पत्र उघड्यावर लिहितो आहे. वाचणारे किती आहेत, ते त्या मुलालाही कळू दे.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी आधी. साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचे आमचे बेट, फलकावरचे 'साल्सेट', इंग्लंडला हुंड्यात मिळालेली नाही. २३ जून १६६१ च्या तहाच्या अकराव्या कलमात आहे ते मुंबईचे बंदर आणि मुंबईचे बेट. साष्टीचे नाव त्यात नाही. आणि भांडण जुंपले ते नेमके याच मुद्द्यावर. इंग्रजांचे म्हणणे, बोलणी चालली होती तेव्हा आम्हाला नकाशा दाखवला होता, त्यात साष्टी आणि ठाणेही मुंबईत धरले होते. पोर्तुगीज म्हणाले, दाखवा तो नकाशा. नकाशा हरवला होता. हरवलेल्या नकाशावर एका राजाने दावा केला, दुसऱ्याने तो नाकारला, आणि साडेतीनशे वर्षांनंतर आपण पितळेच्या अक्षरांत तो दावा मान्य करून टाकलात. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला जे पोर्तुगीजांकडून मिळाले नाही, ते आपल्या समितीने एका वाक्यात देऊन टाकले.

"भेट दिली" हेही खरे नाही. भेट अशी देतात का, बघा. सप्टेंबर १६६२ मध्ये लॉर्ड मार्लबरोचे आरमार मुंबईसमोर आले. पाठोपाठ सर अब्राहम शिपमन आले, मुंबईचा ताबा घ्यायला. गोव्याचे व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो ई कास्त्रो यांनी कागदपत्रांत खोड काढली : अधिकारपत्र बरोबर नाही, राजाची सही हवी तशी नाही. नाक्यावर मी असे पुष्कळ पाहिले आहे. गाडी सोडायची नसली की पावतीत शाईचा डागसुद्धा सापडतो. मार्लबरो परत गेले. शिपमन आपले शिपाई घेऊन कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले. तिथल्या आजारपणात माणसे मरत गेली. चारशेहून जास्त शिपाई घेऊन निघालेल्या त्या तुकडीतले शंभराच्या आसपास उरले, आणि एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही तिथेच वारले. मुंबईवर त्यांनी एक दिवसही राज्य केले नाही.

ताबा मिळाला तो त्यांच्यामागून आलेल्या हम्फ्री कुकला, १८ फेब्रुवारी १६६५ रोजी, मुंबईच्या जहागीरदारीण दोना इनेझ द मिरांडा यांच्या वाड्यात. कुकने हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवरून चालून दाखवले, म्हणजे ताबा झाला. तह झाल्यापासून ताबा मिळेपर्यंत साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला होता. व्हाइसरॉयने आपल्या राजाला कळवले होते की केवळ आज्ञापालन म्हणून मी हे करतो आहे. इंग्रज ज्या दिवशी मुंबईत बसतील त्याच दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल. आहेर देताना असे पत्र कोणी लिहीत नाही.

'हुंडा' या शब्दाबद्दलही बोलतो. तो शब्द खोटा नाही, पण त्याच्याआड बरेच काही लपते. (आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, या तहानंतर बरोबर तीनशे वर्षांनी. ते असो.) पोर्तुगालला एकीकडून स्पेन दाबत होता आणि समुद्रावर डच एकेक ठाणे गिळत होते. इंग्लंडचे आरमार पाठीशी हवे म्हणून मुंबईबरोबर आफ्रिकेतले टॅंजियर आणि वर रोख रक्कम देऊ केली होती. बदल्यात, हिंदुस्थानातली पोर्तुगीज ठाणी डचांपासून राखायला इंग्लंडने मदत करायची, असे गुप्त कलम होते. ती मदत काही आली नाही, आणि जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोची घेतले. व्हाइसरॉय कागदात खोडी का काढत होते, ते यावरून कळते. लग्नातला रुसवा तो नव्हे. सौद्याची एक बाजू पाळली गेली नव्हती. राणी कॅथरीन आयुष्यात कधी इकडे फिरकल्या नाहीत, तरी फलकाचा अर्धा भाग त्यांना. ज्यांच्या अंगणात हे सगळे चालले होते त्यांना अर्धी ओळही नाही.

आता माझा खरा सल. कुकशी झालेल्या कराराची कलमे वाचताना मी एका ठिकाणी थांबलो आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. पोर्तुगीज हद्दीतल्या गावांतले कुणबी, भंडारी आणि इतर रयत यांना इंग्रजांनी मुंबईत थारा द्यायचा नाही; कोणी आलाच तर त्याला लगेच त्याच्या मालकाच्या हवाली करायचे. भंडारी. आमच्या जातीचे नाव, दोन युरोपीय सत्तांच्या करारात. आमचे लोक तहाला बसले नव्हते, पण तहात होते. कशासाठी? तर पळून जाऊ नयेत म्हणून. कारण लोक पळत होते. वेठ नको, मालकाचा जाच नको, म्हणून खाडी ओलांडून पलीकडे जात होते. माहीमची खाडी ओहोटीला फार खोल नसते. माझा कोणी पूर्वज तेव्हा मध्यरात्री कोयता कमरेला लावून त्या चिखलातून गेला असेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण जाणारे इतके होते की व्हाइसरॉयला त्यासाठी कलम घालावेसे वाटले.

त्याच करारात आणखी एक कलम आहे, आणि ते बागेसाठी महत्त्वाचे आहे. साष्टी, करंजा आणि आसपासच्या लोकांना खाडीत आणि साष्टी-मुंबईच्या मधल्या पाण्यात मासेमारी मोकळी राहील. इंग्रजांनी ती अडवायची नाही, त्यावर कर मागायचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी दोन दर्यावर्दी सत्तांना कोळ्यांचे जाळे लक्षात राहिले. आपल्या बागेच्या रेलिंगला मात्र ते राहिले नाही. होड्या ओढून घ्यायची जी उतरती जागा होती, तिथे आता सलग लोखंडी कठडा आहे. आमचे कोळी बांधव पलीकडून फेरा घालून, चिखलातून टोपल्या डोक्यावर घेऊन येतात आणि त्यांच्यासमोर दिव्याच्या खांबावर लिहिलेले असते, 'आपला वारसा'.

कुकचा हा करार लंडनने मान्य केला नाही. आणि कुकही कुठे गप्प बसणार. मुंबई हातात पडल्यावर त्याने माहीमही घेतले. युक्तिवाद काय, तर ओहोटीला मुंबईतून माहीमला चालत जाता येते, तेव्हा बेट एकच. या न्यायाने चालत राहिले असते तर घाट चढून पुण्यापर्यंत एकच बेट झाले असते! २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने हे सगळे वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. साष्टी तेव्हाही पोर्तुगीजांकडेच होती.

नाक्यावरच्या माणसाला इथून पुढची गोष्ट दोन मिनिटांत कळते. नकाशा समोर धरा. कल्याण-भिवंडीकडून माल घेऊन येणारी होडी मुंबईच्या बंदरात यायची तर ठाण्याच्या अरुंद खाडीतून जायला हवी. पेण-पनवेलकडचा माल यायचा तर वाटेत करंजा, म्हणजे आजचे उरण. ही दोन्ही तोंडे पोर्तुगीजांच्या हातात, आणि दोन्हीकडे त्यांचा नाका. मुंबईला जाणाऱ्या मालावर ते जकात घेत. इंग्रजांच्या हातात बंदर होते, पण बंदराच्या दोन्ही दरवाज्यांवर दुसऱ्याचा कारकून बसलेला. भात, लाकूड, भाजीपाला, सगळे त्याच्या परवानगीने. कंपनीचा गव्हर्नर गेराल्ड ऑन्जियर याच्या काळापासून मुंबईकर इंग्रज याबद्दल तक्रारी करत होते. साष्टी हवी होती ती तिथल्या देवळा-चर्चसाठी नाही आणि देखाव्यासाठी नाही. भातासाठी आणि नाक्यासाठी. फलकावर हे एका ओळीत मावते.

मग मराठे आले. मार्च १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला पडला, साष्टी मराठ्यांकडे आली, आणि मे १७३९ मध्ये वसईने शरणागती दिली. या काळातले मुंबईकर इंग्रजांचे वागणे आपल्या फलकासाठी नसले तरी करमणुकीसाठी वाचावे असे आहे. वेढ्यात अडकलेल्या वसईने मदत मागितली. मुंबईने माणसे दिली नाहीत. पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चची चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून. वसई पडली त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जुलै १७३९ मध्ये, त्यांचा कॅप्टन जेम्स इंचबर्ड मराठ्यांशी व्यापाराचा करार करून मोकळा झाला, आणि पुढल्या वर्षी पोर्तुगीज-मराठे तहात मध्यस्थ म्हणूनही तोच बसला. सावकारी, दलाली आणि शेजारधर्म, सगळे एकाच माणसाच्या हातून.

वसईच्या विजयाबद्दल आपल्याकडे उत्साहाने लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण साष्टी १७३७ पासून ३७ वर्षे मराठ्यांकडे होती, हे आमच्या फलकावर नाही. ती गेली कशी, हे तर कुठेच नाही.

ती गेली ती अशी. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुण्यात दोन तट पडले. मुंबईकरांचा वकील टॉमस मोस्टिन १७७२ पासून पुण्यात बसलाच होता, साष्टी आणि वसई पदरात पडतात का हे चाचपायला. १७७४ च्या अखेरीस बातमी आली की साष्टी-वसई परत घ्यायला पोर्तुगालहून गोव्यात आरमार आले आहे. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने हिशेब केला : पोर्तुगीजांच्या हातात नाका पुन्हा गेला तर कायमचा गेला. जनरल रॉबर्ट गॉर्डनची फौज ठाण्यावर निघाली. त्याच सुमारास पोर्तुगीज आरमार मुंबईच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी रीतसर निषेध नोंदवला. म्हणजे पाहा : किल्ला मराठ्यांचा, हल्ला इंग्रजांचा, आणि हरकत पोर्तुगीजांची.

खंदक बुजवून आत शिरायचा पहिला प्रयत्न किल्ल्यातल्या शिबंदीने परतवला. इंग्रजांची बरीच माणसे पडली. आरमाराचा कमोडोर जॉन वॉटसन या वेढ्यात जखमी होऊन मेला. २८ डिसेंबर १७७४ ला दुसऱ्या हल्ल्यात किल्ला पडला आणि आतले बहुतेक लोक कापले गेले. मराठी शिबंदी होती ती. त्यांच्यासाठी आजवर मी कुठे दगड पाहिला नाही. किल्ल्याचे पुढे तुरुंग झाले. पेशवाईच्या अखेरीस त्रिंबकजी डेंगळे ज्या तुरुंगातून १८१६ मध्ये निसटले तो हाच, आणि आजही तिथे कारागृहच आहे. त्यामुळे आत जाऊन पाहायची सोय नाही, तशी ती कोणाला करून घ्यायचीही नसते. २८ डिसेंबर २०२४ ला या घटनेला अडीचशे वर्षे झाली. मी त्या दिवशी खाडीवर गेलो, थोडी फुले पाण्यात सोडली. बागेच्या रखवालदाराने शिट्टी वाजवली, कचरा टाकू नका म्हणून. त्याचे काही चुकले नाही. त्याने फक्त आपला फलक वाचलेला होता.

पुढच्या सात वर्षांत साष्टीचे नाव चार कागदांवर आले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. जी वस्तू आधीच नेलेली, तिची पावती. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने त्या तहाला अविचारी, धोक्याचा, अनधिकृत आणि अन्यायाचा म्हटले, कर्नल अप्टनला पुरंदरला पाठवले, आणि १ मार्च १७७६ च्या तहात साष्टी इंग्रजांकडेच ठेवली. तह अन्यायाचा, पण माल ठेवून घेऊ! (पुरंदरचा तह म्हटले की आपल्याला १६६५ चा, शिवाजी महाराज आणि मिर्झाराजांचा आठवतो. तसाच वसईचा तह म्हटले की १८०२ चा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांना लिहून दिली तोही वसईचाच. मजकूर लिहिणाऱ्याने वर्ष घातल्याशिवाय तहाचे नाव घेऊ नये.) जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज कोंडले गेले तेव्हा त्यांनी साष्टी परत द्यायचे कबूल केले, आणि मुंबईला पोचल्यावर करारच नाकारला. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसईही घेतली. शेवटी १७ मे १७८२ चा सालबाईचा तह, महादजी शिंदे आणि डेव्हिड अँडरसन यांच्यातला : वसई मराठ्यांना परत, साष्टी कायमची इंग्रजांना, घारापुरी आणि करंजाही त्यांनाच.

या सगळ्यात नाना फडणवीसांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलला उतरला आणि फ्रान्सच्या राजाची पत्रे घेऊन पुण्यात आला. त्याला चौलचे बंदर हवे होते. गृहस्थ जरा बोलघेवडाच होता. नानांनी त्याला मानाने ठेवून घेतले आणि मोस्टिनला ते नीट दिसेल अशी व्यवस्था केली. मुंबई-कलकत्त्याची झोप उडाली. फ्रेंचांना बंदर मिळाले नाही ते नाहीच. सालबाईच्या तहावरही नानांनी लगेच मोहोर उठवली नाही. इंग्रजांशी लढत असलेल्या म्हैसूरच्या हैदरअलीच्या जिवावर घासाघीस चालू ठेवली, आणि डिसेंबर १७८२ मध्ये हैदर गेल्यावर, फेब्रुवारी १७८३ मध्ये तह पक्का केला. साष्टी वाचली नाही, पण ती कोणी भेट म्हणून दिली नाही, एवढे तरी पुण्याच्या कागदांवरून दिसते. १६६१ पासून १७८२ पर्यंत १२१ वर्षे. त्यांचे आपण एक लग्न करून टाकलेत.

नावाबद्दल थोडक्यात. 'साल्सेट' हा आमच्या बेटाचा पोर्तुगीजांच्या तोंडातून इंग्रजांच्या कानात पडलेला उच्चार. मूळ शब्द साष्टी, सहासष्ट गावांची म्हणून. गोव्यातही साष्टी आहे, तिथले लोक तिला साष्टीच म्हणतात, मराठीत लिहिताना कोणी अडत नाही. मराठी फलकावर 'साल्सेट' लिहिलेले पाहून एवढेच कळते की मजकूर आधी इंग्रजीत झाला आणि मराठी त्याच्या पाठीवर बसून आली.

आता मागण्या. रागाने मांडत नाही.

पहिले वाक्य काढा. "पुढील टप्प्यात" नको. चूक कळल्यावर ती पितळेत चमकत राहते हे मुलांच्या दृष्टीने बरे नाही, शाळेच्या सहली येतात. नव्या मजकुरात १६६५, १७३७, १७७४ आणि १७८२ ही चार वर्षे यावीत, आणि कुणबी-भंडारी व मासेमारीची दोन कलमे यावीत. 'साल्सेट'च्या जागी 'साष्टी' लिहावे. अक्षरे ओतायला देण्यापूर्वी मोडी आणि पोर्तुगीज कागद वाचणाऱ्या, पुण्याच्या किंवा पणजीच्या अभिलेखागारात बसलेल्या एखाद्या माणसाकडून मजकूर तपासून घ्यावा. अशी माणसे आहेत, आणि मानधन फार मागत नाहीत. कारागृहाच्या बाहेरच्या भिंतीशी, रस्त्याच्या बाजूला, २८ डिसेंबर १७७४ ची एक पाटी लावायला संबंधितांकडे आपण शिफारस करावी. आणि रेलिंगमध्ये होडी जाईल एवढे, बारा फुटांचे, फाटक ठेवावे. वाट पाहायची असेल तर बाकी सगळ्यासाठी पाहतो. फाटकासाठी नाही, पावसाळ्याआधी ते व्हायला हवे.

खर्चाची अडचण सांगू नये. पितळेचे पैसे आम्ही गावातली मंडळी वर्गणी काढून भरू, आणि पावती घेऊ.

मजकूर सुचवा असे आपण म्हणाल, म्हणून सोबत देतो :

"ही साष्टी, सहासष्ट गावांचे बेट. १५३४ पासून ती पोर्तुगीजांकडे होती. १६६१ च्या तहाने इंग्लंडला मुंबई मिळाली. साष्टी मिळाली नाही, आणि तिच्यावरून दोघांत वाद राहिला. १६६५ च्या करारात, येथून मुंबईला पळणाऱ्या कुणबी-भंडाऱ्यांना परत पाठवण्याचे आणि खाडीतली मासेमारी मोकळी ठेवण्याचे कलम होते. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी जिंकली. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. आतली मराठी शिबंदी लढताना मारली गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली."

कळावे, लोभ असावा.

आपला,
साष्टीतला एक निवृत्त जकात कारकून

ता.क. : वरचा मजकूर आताच्याच फलकावर बसतो. राणीच्या चित्राची जागा तेवढी मोकळी करावी लागेल. मी टेप लावून मोजले आहे.